माई सभाईची ओढणी

एका राज्यात, जिथे नदीचे पाणी सांजवेळी दुधाळ होई, तिथे यावर नावाचा सुलतान होता. शूर, देखणा, पण डोक्यात हवा गेलेला. त्या मुलखाची रीत अशी, की उपसलेल्या तलवारींमध्ये एखाद्या बाईने आपली ओढणी टाकली, तर तलवारी म्यानात जात.

एकदा कुरणावरून सुलतान सख्ख्या भावाशी, मेहराबशी लढला. विणकर माई सभाई धावत आली, तिने ओढणी मध्ये टाकली. मेहराबने तलवार म्यान केली. सुलतानाने मात्र ओढणीवरून घोडा नेला आणि थांबलेल्या भावाला कैद केले. कसली ही मर्दुमकी!

त्या दिवसापासून सुलतानाची लेक, शहजादी नाझनीन, विरू लागली. आधी सावली गेली, मग तिच्या आरपार खिडकीतली चमेली दिसू लागली. सुलतान रडला. सुलतानही रडतात.

कठड्यावरचा हुदहुद पक्षी बोलला, "कामे तीन. ओढणी शोध. मालकिणीच्या डोक्यावर घाल. तिसरे ती सांगेल."

ओढणी वाऱ्याने सात डोंगरांपल्याड नेली होती. तिथे पहाऱ्यावरचा जिन्न म्हणाला, "आधी खुराचा डाग धू." ज्याने कधी स्वतःचा रुमाल धुतला नव्हता, तो दिवसभर झऱ्यावर ओढणी चोळत बसला.

मग अनवाणी येऊन त्याने ती माईच्या डोक्यावर घातली. "माई, माझे चुकले."

"माफ केले, बेटा."

तिसरे काम न विचारताच तो महाली परतला, तर शहजादीचा नुसता आवाज उरलेला. "अब्बाजान, मी आहे ना अजून?"

 सुलतान धावतच माईकडे गेला. "माई, तुला मान दिला. आणखी काय हवे?"

"मान मी कधी मागितला? ओढणी तुझ्या भावासाठी टाकली होती. माझे म्हणणे तू अजून ऐकलेच नाहीस."

सुलतान स्वतः तळघरात उतरला, त्याने बेड्या काढल्या. "कुरण तुझे, मेहराब. घरी चल."

रिकाम्या दालनात मेहराब म्हणाला, "नाझनीन, चाचाला सलाम नाही?"

"सलाम, चाचाजान!" आवाजामागून ओठ आले, ओठांमागून डोळे, आणि शहजादी सगळीच्या सगळी चाचाच्या गळ्यात पडली.

त्या राज्यात भांडणे पुढेही झाली, माणसेच ती. पण बाई मध्ये उभी राहिली, की सारे थांबत आणि तिचे पुरते ऐकून घेत.