भिकोबाशेठ लंगडले

फार जुनी गोष्ट, राजे घोड्यावर बसून स्वतः लढाईला जात तेव्हाची. एका राज्यात एक शेठ होते. नाव भिकोबा, पण घरी लक्ष्मी पाणी भरत होती!

त्या वर्षी मोठी लढाई झाली. राजा जिंकला, पण शंभर शिपाई एकेक पाय गमावून परत आले. राजाने भिकोबाशेठना बोलावलं. "दसऱ्याला माझे शिपाई दरबारात चालत आले पाहिजेत. जमेल?"

"न जमायला काय झालं, महाराज!" शेठ म्हणाले.

लाकडी पाय करावेत ते डोंगराखालच्या सावळाआबा सुतारांनीच. पण आबांचा कारखाना इवलासा, महिन्याला जेमतेम तीन पाय व्हायचे. शेठनी तो कारखानाच विकत घेतला. आबाही खुशीने तयार झाले. "मी एकटा किती जणांना उभं करणार? तुमच्याकडे लाकूड आहे, माणसं आहेत. होऊ दे चांगलं."

व्यवहार खरंच झकास होता. वीस सुतार आले, शिवणीच्या हलक्या लाकडाचे ओंडके आले, रंधे फिरू लागले. शेठना एकच गोष्ट खटकली. प्रत्येक नवा पाय आबा आधी स्वतः लावायचे. आपला धडधाकट पाय गुडघ्यात मुडपून बांधायचे, खाली लाकडी पाय अडकवायचे आणि गावभर लंगडत फिरायचे.

"हे काय सोंग, आबा? अशानं दसरा उजाडेल नि आपण अजून दहाव्या पायावर!"

"टोचतं कुठे ते फिरल्याशिवाय कळत नाही हो, शेठ."

"कारखाना आता माझा आहे. बंद करा हे." आबांनी बिचाऱ्यांनी बांधलेला पाय सोडला.

दसऱ्याला आठ दिवस असतानाच शंभर पाय तयार! शेठ मिशीला पीळ देत छावणीत गेले. शिपायांनी पाय बांधले, चार पावलं टाकली आणि मटकन खाली बसले. एकाच्या गुडघ्यातून रक्त आलं. तो कळवळून म्हणाला, "शेठ, तुम्हीच चालून दाखवा!"

शेठनी रागारागाने पाय बांधला. दहाव्या पावलाला त्यांना ब्रह्मांड आठवलं. आत तांदळाएवढा उंचवटा राहिला होता, तो सुरीसारखा लागत होता. राजाला दिलेला शब्द आता जाणार, या भीतीने ते तडक आबांकडे गेले.

"चुकलो, आबा. सगळं विकत घेतलं, पण तुमचं ऐकलं नाही. आता कसं?"

आबा हसले. "अहो, पूर्वी लंगडणारा मी एकटा होतो. आता वीस सुतार आहेत. टोचेल तिथे घासायचं, पुन्हा फिरायचं. वीस जण लंगडले तर आठ दिवस पुष्कळ!"

"एकवीस," शेठ म्हणाले आणि पाय मुडपून बसले.

आठ दिवस गाव पोट धरधरून हसला. दसऱ्याला मात्र शंभर शिपाई ताठ मानेने दरबाराच्या पायऱ्या चढले आणि राजा सिंहासनावरून उठून उभा राहिला. पुढे त्या कारखान्याचे पाय सात राज्यांत गेले.

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या आजोबांनो, ध्यानात ठेवा: कारखाना विकत घेता येतो, कारागिराचं शहाणपण मात्र त्याच्याकडून शिकूनच घ्यावं लागतं.