ठकूबाईची ओसरी

फार जुन्या काळची ही गोष्ट. तेव्हा काजळवाडीचं जंगल गावाच्या परसापर्यंत आलेलं होतं, आणि दिवसाढवळ्याही माणसं एकटी बाहेर पडत नसत.

गावात एका खोलीची शाळा होती. खोलीत मुलगे बसत. मुली सकाळी लवकर येत, शाळा झाडत, सारवत, पाणी भरत आणि मग ओसरीवर बसून आतून ऐकू येईल तेवढं शिकत. "मुलींना आत जागा नाही," असं त्रिंबक पंतोजी म्हणत. गावाला त्यात काही वावगं वाटत नसे.

एका पौषात दाट धुकं उतरलं. गारठा होता म्हणून पंतोजींनी दार लावून आतून कडी घातली. मुली ओसरीवर एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. बघता बघता पाखरं गप्प झाली. धुक्यातून खोल गुरगुर आली.

"पंतोजी, दार उघडा! वाघ आलाय!"

पंतोजींचा हात कडीपर्यंत गेला, पण त्यांनी कडी काढली नाही. बाहेर दारावर मुठी आपटत होत्या. मग एक किंकाळी आली आणि सारं थांबलं.

दार उघडलं तेव्हा मुली कोपऱ्यात गोळा होऊन बसल्या होत्या. द्वारकी त्यांच्यात नव्हती. सारवलेल्या ओल्या जमिनीवर पंजे उमटले होते.

द्वारकीला आई नव्हती. तिला विधवा आत्यानं, ठकूबाईनं, वाढवलं होतं. ठकूबाई रडली नाही, असं म्हणतात.

गाव पारावर जमलं. हैबतराव पाटील म्हणाले, "आजपासून पोरी घरी. त्यांच्या जिवासाठीच सांगतोय." कुणी म्हणालं कुंपण घाला, कुणी म्हणालं ओसरीवर जाळ करा.

तेव्हा ठकूबाई उभी राहिली. "वाघानं बाहेरची पोर नेली, दादा. आतलं एकही नेलं नाही. पोरींना आत बसवा."

"आत जागा कुठंय?"

"मग तुमची पोरं ओसरीवर बसवा."

आपला मुलगा त्या ओसरीवर, हे कुणाला मनातही आणवेना. शेवटी पंतोजी खाली मान घालून म्हणाले, "जागा आहे. पहिल्यापासून होती."

"तर मग पोरी आत बसतील," ठकूबाई म्हणाली. "दार उघडं राहील. ओसरीवर मी बसेन."

दुसऱ्या दिवसापासून ती कोयता मांडीवर घेऊन, जंगलाकडे तोंड करून बसू लागली. आत मुली जीव मुठीत धरून बसत. पान सळसळलं तरी त्यांची नजर दाराकडे जाई.

आणि वाघ पुन्हा आला. धुक्यात आधी डोळे दिसले, मग तोंड. पंतोजी पाढा सांगता सांगता थांबले.

ठकूबाई मागं न वळता म्हणाली, "थांबू नका. पाढा चालू द्या."

एका मुलीनं कापऱ्या आवाजात पाढा धरला. दुसरीनं धरला, मग मुलग्यांनी धरला. आवाज एवढा वाढला की डोंगर तोच पाढा परत म्हणू लागला. आणि त्या आवाजांत द्वारकीचाही आवाज होता, असं म्हणतात. वाघानं कान पाडले. तो वळला.

ठकूबाई उठली. "द्वारके, थांब गं, आले," म्हणाली आणि वाघामागं धुक्यात शिरली.

त्यानंतर काजळवाडीला वाघ दिसला नाही. ठकूबाईही नाही.

आजही त्या शाळेत नवा मास्तर आला, की ठकूबाईच्या नावानं पहिल्या दिवशी त्याला ओसरीवर बसवतात आणि दाराला आतून कडी घालतात. समोर जंगल असतं. आतून पाढ्यांचा आवाज येत असतो. थोड्या वेळानं मास्तर दार ठोठावतो. आजवर न ठोठावणारा एकही आला नाही, असं म्हणतात.

मग वर्गातली सगळ्यात धाकटी मुलगी उठते आणि टाचा उंचावून कडी काढते.