मधलं पातं

या गोष्टीचा शेवट ओळखून दाखवा. बघू तरी. हुशार दिसताय, चष्मेही लावलेत, पण आधीच सांगून ठेवतो, हुकणार. मागं एका मास्तरानं निम्म्यातच हात वर केला आणि म्हणला, "बाईला शॉक बसतो!" नाय बसत. दुसरा म्हणला, "म्हातारा मरतो." तोही नाय मरत, चांगला टुणटुणीत आहे. आता बोला. नाय ना सुचत? मग गप ऐका.

एकदा एक म्हातारा मिस्त्री होता. नाव हैबती, पण सगळे तात्या म्हणायचे. त्याच्या हाताखाली एक शिकलेली पोरगी कामाला लागली. इंजिनियर होती, नाव मंजिरी. कारखाना स्विचांचा. घरातलं बटण नव्हे, हसू नका. गावाबाहेर दोन खांबांवर एक आडवं लोखंड असतं, त्यावर तीन पाती बसवलेली असतात आणि खाली एक हँडल. बघितलंय? कुठलं बघताय! वर कोण बघतंय हल्ली. तर लाईनवर काम निघालं की वायरमन ते हँडल फिरवतो. तीन तारांची तीन पाती तोंड उघडतात आणि मधे हातभर मोकळी हवा राहते. त्या हवेच्या भरवशावर माणूस पुढच्या खांबावर चढतो. अकरा हजार व्होल्ट असतात. हवा आहे तोवर माणूस आहे, नायतर कोळसा.

तात्याचं काम एवढंच, की कारखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक स्विच अंगणातल्या खांबांवर चढवायचा, हँडल फिरवायचं, खाली उभं राहून मान वर करायची आणि मोठ्यानं मोजायचं, "एक... दोन... तीन." तीन फटी मोजून झाल्या की खडूनं स्विचवर एक गोल काढायचा. तो गोल नसला तर शेठसुद्धा माल गाडीत चढवायचा नाय.

मंजिरी आली तशी ते बघत होती. एक दिवस म्हणली, "तात्या, सारखं वर बघून मान दुखत नाही?"

"दुखती की. चाळीस वर्सं दुखतीय."

"आता नाही दुखणार."

आणि तिनं कागद उलगडला. काय डोकं होतं पोरीचं! पात्यांच्या तोंडावर तिनं झाकणं बसवली होती. पाऊस नको, धूळ नको, कावळ्यानं आणून ठेवलेल्या तारेचं घरटं नको. आणि खाली हँडलाजवळ एक पत्र्याची तबकडी. हँडल फिरवलं की लाल जाऊन हिरवं येणार. हिरवं दिसलं की चढा वर. मान दुखायचं कारणच नाय.

शेठ इतका खूश झाला की त्यानं रंगीत चित्रं छापून आणली. वीजवाल्यांचा मोठा साहेब बघायला यायचा दिवसही ठरला. पण शेठ तो शेठच. जाता जाता मंजिरीला म्हणला, "साहेबांनी हो म्हटलं तर सगळ्या तालुक्यात तुमचा स्विच. नाही म्हटलं तर तुमच्या टेबलाला दुसरा माणूस बघावा लागेल." पोरीची तीन रात्री झोप उडाली.

तात्या काय म्हणला? फक्त विचारलं, "तबकडी कशाला जोडलीस?"

"हँडलला."

"बरं केलंस," म्हणला आणि बिडी पेटवून गेला. म्हातारा बरं म्हणाला की समजायचं काहीतरी शिजतंय. मी तेव्हा कारखान्याचा ट्रक चालवायचो; माझ्याकडनं त्यानं ट्रकचा एक हॉर्न मागून नेला, तेव्हाच मी ओळखलं.

साहेब आला. खुर्च्या, चहा, सगळं झालं. मंजिरीनं हँडल फिरवलं. तबकडी हिरवीगार. साहेबानं मान डोलावली. तेवढ्यात तात्या पुढं आला.

"साहेब, आमच्यात एक रीत हाय. ज्यानं केलंय त्यानं पयला हात लावायचा. बाई, चढ शिडीवर. हा पाना घे आणि झाकणाच्या भायेर जी तीन टोकं हायेत, त्यांना एकेक करून टेकव."

"पान्याला ही वायर कशाला बांधलीय?"

"पडला तर सापडायला."

पोरगी चढली. काही भ्यायचं नव्हतंच, अंगणात वीज कुठली? पहिल्या टोकाला पाना टेकवला, शांत. दुसऱ्या टोकाला टेकवला आणि पोंऽऽऽ! असा हॉर्न वाजला की साहेबाचा चहा साहेबाच्या मांडीवर. मंजिरीनं दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली.

"तात्याऽऽ!"

"मेलीस बाई," तात्या खालनं म्हणला. "दुसऱ्यालाच मेलीस. आता तिसऱ्याला हात लावायला कोण येणार?"

शेठ ओरडला, "म्हातारा खुळा झालाय! साहेब, माफ करा." मंजिरी तिथंच वर उभी राहिली. रडेल असं वाटलं सगळ्यांना. पण तिनं मधलं झाकण उचकटलं आणि आत डोकावून बघितलं. पातं मिटलेलं. हँडलाची वर येणारी दांडी आणि पातं जोडणारी पिनच जागेवर नव्हती. खाली तात्यानं खिशातनं ती पिन काढून दाखवली. बॅटरी गवतात लपवली होती, पातं मिटलेलं असेल तरच हॉर्न वाजावा अशी जोडून.

ती तावातावानं खाली आली. "तुम्ही काढलीत! आपोआप कशी निघेल पिन?"

"मी काढली म्हणून दोन मिनटात निघाली," तात्या म्हणला. "ऊन आन् गंज काढतील तर दहा वर्सं लावतील. फरक तेवढाच. तुझी तबकडी खोटं नाय बोलली, बाई. तिनं हँडलाची बातमी दिली. हँडल फिरलं, तिला तेवढंच ठाव. वर काय झालं ते तिला कुणी सांगितलंच नाय. आन् जिथं डोळ्यानं बघायचं, तिथं तू झाकण घातलंस. अगं, आपण इकतो काय? लोखंड तर भंगारवालाबी इकतो. आपण हातभर मोकळी हवा इकतो. ती हवा दिसली पायजे. ज्याला चढायचंय त्याला, खालनं, त्याच्या डोळ्यानं."

साहेबानं रुमालानं मांडी पुसली. म्हणला, "झाकणं काढा. महिन्यानं परत येतो." आणि गेला.

संपली वाटली ना गोष्ट? तो मास्तरपण चप्पल शोधायला लागला होता. बसा. इथवर कुणीही सांगतं.

आता असं झालं, की मंजिरी तात्याच्या मागं मागं फिरायला लागली. रागानं नव्हे, नवलानं. हा माणूस बघतो म्हणजे नेमकं काय बघतो? मान कुठं ठेवतो, कुठल्या बाजूला उभा राहतो, ऊन डोळ्यावर असलं तर काय करतो? आणि बघता बघता तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. पाती अजून उघडत असायची, थांबलेली नसायची, तोवर तात्या "तीन" म्हणून मोकळा झालेला असायचा.

एकदा वाटलं घाई असेल. पाच वेळा बघितलं, पाचही वेळा तेच.

मग एका सकाळी तिनं लवकर येऊन अंगणातल्या स्विचच्या मधल्या पात्याची पिन काढून घेतली. हॉर्न नाय, बॅटरी नाय, कुणाला बोलावलं नाय. तात्या आला. हँडल फिरवलं. मान वर केली.

"एक... दोन... तीन." आणि खडू काढला.

"तात्या," ती हळू म्हणली, "जरा वर चढता का?"

"का गं?"

"चढा ना."

म्हातारा चढला. मधल्या पात्यावर त्यानं पंजा ठेवला. मग बोटांनी चाचपलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मिटलेलं होतं. खाली आला तेव्हा खडू हातातच होता, गोल काढला नव्हता.

"ओरडली नाईस गं," तात्या म्हणला.

"काय ओरडायचं?"

"मी ओरडलो असतो."

"तुम्ही हॉर्न लावला होतात."

दोघंही थोडं हसले. मग तिनं विचारलं, "कधीपासून धूसर दिसतंय?"

"गेल्याच्या गेल्या दिवाळीपासनं. मला वाटलं, हवेत धूळ वाढलीय."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आणि तोंडाला सवय "तीन" म्हणायची.

मंजिरीनं शेठला काही सांगितलं नाय. तिनं तात्यालाच कामाला लावलं. त्याला खाली उभं करायची आणि विचारायची, "दिसतं?" "नाय." मग पातं वीतभर लांब करायची. "आता?" "नाय." मग टोकाला पिवळा रंग द्यायची. "आता?" "पिवळं दिसतंय, फट नाय दिसत." मग पातं आडवं उघडायचं ते उभं उघडायला लावलं, आभाळात बोट दाखवल्यासारखं. त्या दिवशी तात्यानं मान वर केली आणि थांबला. चांगला थांबला. मग म्हणला, "एक. दोन. आन् ते तिसरं." खरंच बघून म्हणला.

"मोतीबिंदूवाल्याला दिसलं म्हणजे संध्याकाळी पाच वाजता धुक्यातल्या वायरमनलाही दिसेल," ती म्हणली. साहेब महिन्यानं आला, आणि यावेळी चहा न सांडता हो म्हणून गेला. टेबल वाचलं पोरीचं.

आता म्हणाल, झालं. नाय झालं. तात्या तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"त्या दिवाळीपासनं मी किती पास केले?"

तिनं ते आधीच मोजून ठेवलं होतं. "तेवीस."

"चल मग."

"आधी डोळ्यांचं ऑपरेशन करू या, तात्या."

"माझे डोळे पळून नाय जायचे. त्या तेविसांच्या भरवशावर मानसं चढत्यात. तू बग, मी संगट येतो."

ऐन उन्हाळा होता. सुट्टीच्या दिवशी एसटीनं जायचं, एका दिवसात दोन-तीन स्विच गाठायचे, तिथल्या वायरमनला गाठायचं, त्याच्याकडनं लाईन बंद करून घ्यायची, हँडल फिरवायला लावायचं आणि मंजिरीनं बघायचं. तात्या बाजूला खाली मान घालून उभा. ती "बरोबर आहे" म्हणली की हा श्वास सोडायचा. असे बावीस झाले. बावीसही चोख! तात्या येताना एसटीत कंडक्टरशी मस्करी करायला लागला.

तेविसावा एका माळावर होता. तिथला वायरमन लिंबाजी, चाळिशीचा, हडकुळा. स्विचचं नाव काढलं तर तो हसायलाच लागला.

"हा व्हय? ह्याचं मधलं पातं उघडतच नाय. चार बोटं उघडतं आन् बसतं."

तात्यानं खांबाचा आधार घेतला.

मंजिरीनं वर बघितलं. चार बोटंच. पात्याला ओढणाऱ्या पट्टीला भोक चुकीच्या जागी पाडलेलं, कारखान्यातच. "कळवलं नाही तुम्ही?"

"हापिसात दोन कागद दिले. तिकडंच हायेत."

"मग काम निघालं की करता काय?"

"पयल्याच दिशी बगितलं ना मी, मधलं पुरतं उघडत नाय. मग कशाला चढतोय? सबस्टेशनला जातो. तिथनं लाईन बंद पाडायची, तिथल्या हँडलाला माझं कुलूप घालायचं, किल्ली खिशात टाकायची आन् परत येऊन काम करायचं. झालं की पुन्ना जायाचं, कुलूप काढाया."

"फोन करून बंद करायला सांगायचं ना!"

लिंबाजीनं तिच्याकडं असं बघितलं की जणू तिनं काही खुळ्यासारखं विचारलं. "ताई, फोनवर बंद झाली म्हणून मी चढू व्हय? मला कुठं दिसतं फोनात?"

तात्या पहिल्यांदा बोलला. "सबस्टेशन किती लांब?"

"सात किलोमीटर. सायकल हाय की."

"आन् असं किती दिवस चाललंय?"

"चौदा म्हैने. वारं सुटलं की दिवसात दोन खेपा बी व्हत्यात. गाव बसतं अंधारात माझ्या नावानं खडे फोडत."

मंजिरी सुटे भाग घेऊनच निघायची; तिनं पिशवीतनं नवी पट्टी काढली. लिंबाजी त्या दिवशीही कामासाठी सबस्टेशनला कुलूप घालूनच आला होता, म्हणून वर चढायला हरकत नव्हती. अर्ध्या तासात पट्टी बदलली. हँडल फिरवलं, तिन्ही पाती टपाटप उघडली. लिंबाजी पोरासारखा टाळ्या वाजवायला लागला. चहा घेऊनच जा म्हणाला.

बघतात तर तात्या रस्त्याला लागलेला.

"कुठं निघालात?"

"सबस्टेशनाला."

"काम झालं की तात्या! कशाला?"

"किती लांब पडतं ते बगतो."

"सायकल तरी घ्या, बाबा," लिंबाजी म्हणला.

"नको."

बहात्तर वर्षांचा माणूस, वैशाखातलं डांबर, पायात झिजलेली चप्पल. सात जायला, सात यायला. मंजिरी आधी अडवायला धावली, मग थांबली आणि माळावरच्या बाभळीखाली बसून राहिली. दिवस कलला तेव्हा तो परत आला. दोन्ही तळव्यांना फोड आले होते, डाव्या पायाचा तर फुटला होता. लिंबाजीनं तांब्याभर पाणी त्याच्या पायावर ओतलं.

तात्यानं पाय पुसले नाहीत. म्हणला, "लिंबाजी, तुझी एक खेप फिटली बाबा. बाकीच्या काय माझ्या पायानं फिटायच्या नाईत."