दुसऱ्या इंजिनाची तहान

एकदा एका गुरूच्या दोन शिष्यांनी एकाच गाडीसाठी दोन इंजिने बांधायला घेतली. गाड्या दोन असत्या, तर दोघेही आपापल्या गाडीत बसून सुखाने निघून गेले असते आणि सांगण्यासारखे काही उरले नसते. पण गाडी एकच होती, आणि मत्सराला तेवढी जागा पुरते.

गुरूंना सगळे मुल्लाणी उस्ताद म्हणत. उद्यमनगरातल्या त्यांच्या गॅरेजात जुन्या छोट्या गाड्यांची इंजिने खोलून, त्यांत फेरफार करून, ती घाटातल्या चढणीच्या शर्यतीसाठी सज्ज केली जात. उस्तादांचे वय झाले होते, कान मात्र शाबूत होते. बॉनेट न उघडता ते इंजिनाचा दोष सांगत. बोलणाऱ्या माणसाचाही सांगत, पण तो विचारल्याशिवाय नाही.

त्या वर्षी त्यांनी शर्यतीची गाडी रिकामी करून गॅरेजच्या मधोमध उभी केली आणि शिष्यांना म्हणाले, "इंजिन तुम्ही बांधायचं. सामान तुम्हीच निवडायचं, तुम्हीच शोधून आणायचं. ज्याचं इंजिन मला पटेल ते हिच्यात बसेल. दुसरं राहील चाचणीच्या स्टँडवर."

दोघांपैकी सुकुमार चौगुले हा जुना शिष्य. धैर्यशील त्याच्यामागून आलेला. सुकुमारचे नुकतेच लग्न झाले होते आणि उत्साहाच्या भरात त्याने सासरच्या मंडळींना शर्यतीचे आमंत्रण देऊन टाकले होते. "यंदा घाटात आपलं इंजिन आहे," असे तो सासऱ्यांना म्हणाला होता. इंजिनाचा तेव्हा नुसता सांगाडा होता.

सुकुमारने इंजिन टर्बोविना, म्हणजे आत जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याविना, बांधायचे ठरवले. आपल्या श्वासाने जेवढी हवा ओढेल तेवढीच त्याची. मग त्याने रीतसर हिशेब मांडला. इंजिन जास्तीत जास्त किती हवा घेईल, त्या हवेला किती पेट्रोल लागेल, आणि तेवढे पेट्रोल नेमके फवारणारे इंजेक्टर कोणते. इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोलचा बारीक फवारा सोडणारी बोटाएवढी नळी. अशा चार नळ्या त्याने एका विश्वासू चाचणीवाल्याकडून, चौघींची धार सारखी असल्याची खात्री करून आणल्या. इंजिन सुरू झाले तेव्हा उस्ताद पेपर वाचत होते. ते बंद होईपर्यंत ऐकत राहिले, पान उलटले नाही. ही त्यांची शाबासकी होती.

पुढच्या आठवड्यात धैर्यशीलचे इंजेक्टर आले. त्याने आपल्या इंजिनाला टर्बो बसवला होता. त्याचे इंजेक्टर परदेशातून आले होते. जाड खोक्यात, काळ्या स्पंजच्या खाचांत, निळ्या टोप्या घालून ते ओळीने निजलेले होते. नव्या नवरीचे दागिने बघायला आळी लोटते, तसे शेजारचे लेथवाले, वेल्डिंगवाले येऊन बघून गेले.

"मिनिटाला केवढं पेट्रोल सोडतात?" एकाने विचारले. धैर्यशीलने आकडा सांगितला. तो सुकुमारच्या इंजेक्टरांच्या दुपटीहून जास्त होता.

"आयला! सुकुमारभाऊ, तुमचे म्हणजे मग डोळ्यात घालायचे थेंब की हो," लेथवाला म्हणाला. सगळे हसले. सुकुमारही हसला. "चांगले आहेत," असे दोन शब्दही बोलला, आणि तेवढ्याने त्याचा जबडा दुखून आला.

घरी जेवताना त्याचा घास तोंडात फिरत राहिला. पत्नी त्रिशलाने विचारले, "काय झालं?"

"धैर्यशीलचे इंजेक्टर आले."

"तुमचे चालत नाहीत का?"

"चालतात की. गोड चालतात."

"मग?"

"त्याचे मोठे आहेत."

त्रिशलाला इंजिनातले काही कळत नव्हते. पण दोन जावांच्या घरात ती नवीन आली होती, त्यामुळे विषय तिला पुरता कळला. तिने त्याच्या ताटात आमटी वाढली.

दुसऱ्याच दिवशी सुकुमार जुन्या-नव्या सुट्या भागांच्या एका व्यापाऱ्याकडे गेला. व्यापाऱ्याने सवयीने विचारले, "इंजिन केवढं आहे मालक? टर्बो की बिनटर्बो?"

"ते राहू द्या. याहून मोठे आहेत का?" सुकुमारने मोबाइलमधला धैर्यशीलच्या खोक्याचा फोटो पुढे केला.

व्यापाऱ्याने फोटो निरखला. "आहेत. पण कशासाठी मोठे?"

"ह्याच्यापेक्षा मोठे."

"तेच विचारतोय, काम काय त्यांना?"

"हेच काम."

व्यापारी शहाणा होता. त्याने पुढे विचारले नाही. आतून एक सेट आणून, तो पुसून त्याने गिऱ्हाईकापुढे ठेवला. कुठून आला, कोणी तपासला, चौघांची धार सारखी आहे का, यातले काही सुकुमारनेही विचारले नाही. टोप्या लाल होत्या आणि आकडा धैर्यशीलच्या आकड्याच्या वर होता. हेव्याने बाजारात गेलेल्या माणसाला याहून जास्त माहिती लागत नाही.

सुकुमारने आपले जुने इंजेक्टर काढले आणि नवे बसवले. पूर्ण पेडल दाबले की इंजिन जोरात ओरडे, आणि तो ऐकणाऱ्यांकडे बघे. पेडल सोडले की मात्र ते ढवळल्यासारखे करी. काळा धूर, पेट्रोलचा वास, मध्येच हुंदका देऊन बंद. ज्या नळीला ओंजळभर ओतायची सवय, तिला थेंब मोजून टाकायला सांगितले तर ती गडबडणारच. त्यात चारही नळ्यांची गडबड वेगवेगळी. सुकुमार लॅपटॉप उघडून पेट्रोलचे प्रमाण ठरवणारे आकडे दिवसचे दिवस फिरवत बसला.

"सेन्सर खराब आहे," तो उस्तादांना म्हणाला. मग म्हणाला, "पेट्रोलच भेसळीचं आहे." नंतर वायरिंगवरही आले.

उस्तादांनी सगळे ऐकून घेतले. "बरं," ते म्हणाले, "तुझं इंजिन आता बंद ठेव. उद्यापासून धैर्यशीलच्या इंजिनाचं ट्यूनिंग तू करायचं. तो तुझ्या हाताखाली राहील."

शर्यत तोंडावर आलेली. ज्याच्याशी चुरस, त्याचेच इंजिन आपल्या हाताने सजवायचे! धैर्यशीलच्या कपाळावरही आठी आली. आपल्या इंजिनाला दुसऱ्याचा हात कोणाला रुचतो? पण उस्तादांपुढे बोलणार कोण.

सुकुमार कडवट मनाने कामाला लागला. पहिल्या दिवशी त्याने दोष शोधले. सापडले नाहीत म्हणून दुसऱ्या दिवशी जास्त बारकाईने शोधले. आणि शोधता शोधता त्याला ते इंजिन दिसू लागले.

त्याने पाहिले की टर्बो भरात आला की या इंजिनात हवेचा लोंढा शिरतो आणि ते निळ्या टोप्यांचे इंजेक्टर जवळजवळ न मिटता पेट्रोल सोडत राहतात, तरी जेमतेम पुरे पडतात. तिथे मोठेपणाची चैन नव्हती. तहानच तेवढी होती. मग त्याने मंद चालीचे आकडे उघडले. धैर्यशीलने एकेक इंजेक्टर वेगळा करून, तो क्षणभर उघडला तर किती थेंब पडतो हे काचेच्या नळीत मोजले होते, आणि त्याप्रमाणे प्रत्येकाला वेगळी शिस्त लावली होती. ज्या कामाने सुकुमार रडकुंडीला आला होता, ते धैर्यशीलने खोके आल्या दिवसापासून गुपचूप चालवले होते. लोक खोके बघून गेले. हे बघायला कोणी आले नव्हते, सुकुमारही नाही.

"हे सगळं कधी केलंस?" त्याने विचारले.

"रोज थोडं थोडं. अजून गार असताना अडखळतंय बघ ते," धैर्यशील म्हणाला. थोडा वेळ तो नट पुसत राहिला. "तुला एक सांगू का भावा? तुझं पहिलं इंजिन असं काही गोड चालायचं की मी डबा घेऊन बाहेर जाऊन बसायचो. आत उकडतंय म्हणून."

"उकडत नव्हतं?"

"जळत होतं."

दोघेही हसले. सुकुमारचा जबडा या वेळी दुखला नाही.

त्या दिवशी चहा पिताना त्याने धीर करून विचारले, "उस्ताद, मला ही शिक्षा का दिलीत?"

उस्तादांनी बशी खाली ठेवली. "शिक्षा कसली? तू हेवा करत होतास, पण अर्धवट. अर्धवट काम या गॅरेजात चालत नाही. तू त्याचा इंजेक्टर बघितलास, त्याच्या इंजिनाची तहान बघितली नाहीस. त्याचा आकडा बघितलास, तो आकडा कह्यात ठेवायला त्यानं काय केलं ते बघितलं नाहीस. हेवा करू नये असं मी कोणाला सांगत नाही, बाळा. माणूस आहे, करणारच. पण करायचा तर अख्खा करावा. दुसऱ्याकडचं घ्यावंसं वाटलं की त्याची तहान आणि त्याची मेहनतही घ्यायची तयारी आहे का, ते बघावं. बहुतेक वेळा माणूस टोपीचा रंग बघून परत येतो."

सुकुमारने आपले इंजिन खोलले. भीती होती तेच झाले होते. जास्तीच्या पेट्रोलने सिलिंडरमधले तेल धुऊन नेले होते, आणि कोरड्या भिंतींवर उभे ओरखडे उठले होते. शर्यतीपूर्वी ते दुरुस्त होणे शक्य नव्हते. उस्तादांनी बोट फिरवून ओरखडा पाहिला आणि धैर्यशीलला सांगितले, "तुझं गाडीत चढव." सुकुमारने कोणी न सांगता साखळीचे एक टोक धरले आणि इंजिन गाडीत उतरवले.

शर्यतीच्या दिवशी सासरची मंडळी आली. सासूबाईंनी दशम्या आणल्या होत्या, मेहुण्याने दुर्बीण. सासरे वळणावरच्या कठड्याशी उभे राहून म्हणाले, "जावईबापू, आपलं इंजिन कुठलं हो?"

सोपे उत्तर जिभेवर होते. ट्यूनिंग त्यानेच केले होते. "हेच" म्हटले असते तर ते अगदीच खोटे ठरले नसते. त्रिशला त्याच्याकडे न बघता उत्तराची वाट बघत होती.

"आपलं बिघडलं, मामा," सुकुमार म्हणाला. "मीच बिघडवलं. आता येतंय ते धैर्यशीलचं."

सासरे "हं" म्हणाले आणि दशमीकडे वळले. तेवढ्यात गाडी आली. अवघड वळणावर ती मंदावली, इंजिनाचा आवाज अगदी खाली बसला, पण अडखळला नाही. आणि वळण सरताच टर्बोच्या जोरावर उसळी घेऊन ती चढणीवर दिसेनाशी झाली.

"हेवा वाटतोय का?" त्रिशलाने हळूच विचारले.

"वाटतोय की. पण आता कशाचा ते सांगता येईल."

"कशाचा?"

"आत्ता आवाज खाली बसला आणि तरी तुटला नाही ना, त्याचा."

तिला आवाजातले कळले नाही. त्याचा चेहरा मात्र कळला, आणि तिने दशमीचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

पुढच्या आठवड्यात सुकुमारने सिलिंडर घासून घेतले, नव्या रिंगा घातल्या. इंजेक्टर बसवण्याआधी त्याने सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून केला. हवा किती, पेट्रोल किती. उत्तर पूर्वीचेच आले. या खेपेला ते त्याला लहान वाटले नाही.