धुक्यातली पोहण्याची शर्यत

फार पूर्वी एका खाडीच्या दोन काठांवर दोन गावं होती, माडवाडी आणि खडकवाडी. खाडी जिथे समुद्राला मिळायची त्या मुखाशी मासळी भरपूर मिळे. तिथे जाळी कुणी लावायची, हे दरवर्षी एका शर्यतीने ठरायचं. दोन्ही गावांतला एकेक पोहणारा माडवाडीच्या काठावरून पाण्यात उतरायचा आणि जो खडकवाडीच्या काठाला आधी लागेल, त्याच्या गावाला वर्षभराचा हक्क मिळायचा. हरलेल्या गावाची इतकी हुर्यो उडायची की पोहणारा महिनोन्‌महिने घराबाहेर पडत नसे.

त्या वर्षी माडवाडीचा म्हादू उतरणार होता आणि खडकवाडीचा सुकऱ्या. पण शर्यतीच्या सकाळी खाडीवर असं दाट धुकं पडलं की स्वतःचा हातही दिसेना.

"आज नको," एक म्हातारी बाई म्हणाली. "ओहोटी लागणार आहे. चुकला तो सरळ समुद्रात जाईल."

पण माघार कुणी घ्यायची? दोन्ही गावं हटून बसली. शेवटी ठरलं की पल्याडच्या काठावर ढोल वाजवायचा आणि त्या आवाजाच्या रोखाने पोहायचं.

म्हादूच्या बापाने त्याच्या अंगाला तेल चोळलं आणि कानात सांगितलं, "पाण्यात पडलास की तो माणूस नाही, वैरी आहे. मागे वळून बघू नकोस."

दोघं पाण्यात उतरले.

थोड्याच वेळात काठ दिसेनासा झाला. वर पांढरं, खाली काळं. म्हादू थांबून कान द्यायचा, ढोल ऐकायचा आणि पुन्हा हात मारायचा. सुकऱ्याचं पाणी कापणं त्याला शेजारीच ऐकू येत होतं. मग ते हळूहळू उजवीकडे सरकलं. उजवीकडे तर समुद्र! तिथल्या खडकांवर लाटा धप्‌ धप्‌ आपटत होत्या आणि सुकऱ्या त्यालाच ढोल समजून चालला होता.

म्हादूच्या लक्षात आलं. तो गप्प राहिला. ढोल आता अगदी जवळ आला होता, माणसांचा गलकाही ऐकू येत होता. आणखी थोडे हात मारले की झालं.

तेवढ्यात दुरून आवाज आला, "म्हादू! अरे म्हादू, कुठे आहेस? मला काठ सापडत नाही रे!"

तो आवाज लहान लेकरासारखा झाला होता.

"इकडे ये! माझ्या आवाजाकडे!" म्हादू ओरडला.

"ओढ लागलीय! पाय चालत नाहीत!"

म्हादूला बापाचं बोलणं आठवलं, गावाचे चेहरे आठवले. तिकडे गेलं तर आपणही परत येणार नाही, हेही त्याला कळत होतं. भीतीने त्याचे दात वाजू लागले आणि तसाच तो मागे वळला.

आवाजाच्या अंदाजाने जाता जाता त्याच्या हाताला एक थंडगार मनगट लागलं. सुकऱ्याने त्याला घट्ट मिठी मारली आणि दोघंही खाली गेले. नाकातोंडात पाणी शिरलं. म्हादूने कसाबसा त्याला उताणा केला.

"मिठी सोड! खांदा धर. नुसता तरंगत राहा."

आता ढोल ऐकू येईना. लाटांची धपधप मात्र वाढत होती. दोघं ओढीला आडवे पोहत राहिले, कुठे चाललोय ते न कळता. अचानक सुकऱ्या म्हणाला, "म्हादू, पायाला वाळू लागली! हा शिंपल्यांचा दांडा असेल, पाण्याखालचा वाळूचा उंचवटा. आमच्या बायका ओहोटीला शिंपले वेचायला इथेच येतात. हलू नकोस आता. पाणी उतरेल."

दोघं छातीभर पाण्यात हातात हात धरून उभे राहिले. चारही बाजूंनी पाणी खेचत होतं. घसा बसेपर्यंत ते हाका मारत राहिले.

ऊन चढलं, धुकं विरलं, तेव्हा दोन्ही गावांच्या होड्या त्यांना शोधत आल्या.

खडकवाडीच्या काठावर आणल्यावर, होडीतून सोबत आलेला म्हादूचा बाप संतापून म्हणाला, "काठ हाताशी आला होता म्हणतोस, आणि मागे फिरलास? गावाला काय सांगू?"

म्हादू मान खाली घालून थरथरत होता. गर्दीतून सुकऱ्याची आई पुढे आली. तिने आपलं लुगडं ओलं होऊ देत दोघांनाही जवळ घेतलं.

"काय सांगायचं ते मी सांगते," ती म्हणाली. "तुमचा आज जिंकला नसेल, दादा. पण माझा घरी आला."

म्हादूच्या बापाने खांद्यावरचं कोरडं धोतर काढलं आणि आधी सुकऱ्याच्या अंगावर घातलं.

त्या वर्षी खाडीच्या मुखाशी दोन्ही गावांची जाळी लागली.

तात्पर्य: ज्याच्याशी आपण खेळतो, त्याचीही कुणीतरी घरी वाट बघत असतं, त्याला विसरून जिंकण्यात मोठेपणा नाही.