हात धरून गिरवलेलं अक्षर

नदीकाठच्या एका गावात एक नावाडी राहत होता, पण ही गोष्ट त्याची नाही, त्याच्या बायकोची आहे. नावाडी बिचारा गोष्टीत फारसा बोलतही नाही.

ही बायको लहान होती तेव्हा तिच्या गावात मुलींना शाळेत धाडत नसत. पाणी भरायला जाताना वाटेत शाळेची ओसरी लागायची. तिथे मुलं धूळपाटीवर, म्हणजे बारीक माती पसरलेल्या फळीवर, बोटाने अक्षरं काढायची आणि मोठ्याने म्हणायची. ही घागर खाली ठेवून डोक्यावरची चुंबळ नीट करत उभी राहायची. चुंबळ नीट करायला असा किती वेळ लागतो? हिला फार लागायचा. बघून बघून सगळी अक्षरं डोळ्यांना पाठ झाली, पण त्या मातीत बोट घालायला काही मिळालं नाही. ती हुरहूर तिच्या मनातून कधी गेलीच नाही.

पुढे लग्न होऊन ती या गावात आली. तिला मुलगी झाली, आवडी. इथल्या शाळेत मुलीही जात. आवडीला पहिल्यांदा शाळेत पोचवून आली, त्या दिवशी आईचं जेवणात लक्ष नव्हतं.

या शाळेची एक रीत होती. शाळेत सगळं तोंडी व्हायचं आणि लिहायचं ते घरी. दिवेलागणीला मुलं आपापल्या ओट्यावर पाटी घेऊन बसायची आणि गुरुजी गल्लीतून फेरी मारत पाट्या बघत जायचे.

सुरुवातीला आवडीचं बोट अडखळलं. आई तिच्या मागे बसली, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि अक्षर गिरवून दिलं. यात वाईट काही नाही, सगळे असेच शिकतात. पण हात सोडायची वेळ आली तेव्हा आईला तो सोडवेना. बोटाखालून माती सरकत होती, अक्षर उमटत होतं. इतक्या वर्षांनी ती लिहीत होती, लेकीच्या बोटाने का होईना. उद्यापासून सोडू, असं तिने ठरवलं. तो उद्या काही उजाडला नाही.

गुरुजी ओट्याशी थांबून म्हणायचे, "वा, काय सुरेख अक्षर आहे आवडीचं." आवडी खाली बघायची. आई मात्र लाजायची.

नदी समुद्राला मिळते तिथे एक मोठी शाळा होती. तिथले आचार्य वर्षातून एकदा गावात येऊन मुलं निवडून नेत. आवडीने तिथे जावं, एवढी एकच इच्छा आईने धरली होती. आचार्य आले, तेव्हा सगळा गाव चिंचेखाली जमला. आवडीसमोर पाटी ठेवली.

"तुझं नाव लिही, बाळ," आचार्य म्हणाले.

आवडीने बोट मातीवर टेकवलं आणि तशीच बसून राहिली.

"लिही ना गं," गुरुजी म्हणाले.

"आई येऊ दे," आवडी म्हणाली. "हात धरायला."

मुलं फिदीफिदी हसली. आचार्य हसले नाहीत. "पुढच्या वर्षी बघू हं," एवढंच म्हणून त्यांनी पुढच्या मुलाला बोलावलं.

घरी आल्यावर आईचा पारा चढला. "रोज तर लिहितेस. आज काय झालं होतं तुला?"

"मी कुठे लिहिते?" आवडी म्हणाली. "तू लिहितेस. मी नुसता हात देते."

आई चुलीपुढे जाऊन बसली. लेकीचं म्हणणं खरं होतं, आणि ते तिला फार लागलं. आपली भूक आपण पोरीच्या ताटातून भागवली, असं वाटून तिला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. "चूक माझीही आहे. मी पाट्याच बघत गेलो, लिहितंय कोण ते पाहिलंच नाही."

आईने नवऱ्याला जुन्या होडीची एक फळी तासायला सांगितली. दिवेलागणीला तिने ओट्यावर दोन पाट्या मांडल्या, माती पसरली आणि एकीपुढे ती स्वतः बसली.

आवडी काही आली नाही. ती लगोरी खेळत होती. आईने हाक मारली नाही की डोळे वटारले नाहीत. तिने आपलं लिहायला घेतलं. डोळ्यांना पाठ असलेलं अक्षर एकट्या बोटाला मात्र येईना. ती पुसायची आणि पुन्हा काढायची. असं रोज चाललं.

एका संध्याकाळी आवडी मागे येऊन उभी राहिली. "आई, तुझंही वाकडं येतं?"

"तर काय. मी कुठे शाळेत गेलेय?"

आवडीला हे फार आवडलं. ती शेजारी बसली. त्या दिवशी बसली, मग दुसऱ्या दिवशी, आणि पुढे पुढे दिवे लागले की पाय आपोआप ओट्याकडे वळायला लागले. तिचं अक्षर चुकायचं तेव्हा आईचे हात शिवशिवायचे. तेव्हा ती आपली बोटं आपल्याच मातीत खुपसून ठेवायची. तेवढं फार अवघड होतं बघा.

पुन्हा आचार्य आले. आवडीने नाव लिहिलं. मोत्यासारखं वगैरे नव्हतं, एक अक्षर तर ओळ सोडून खाली उतरलं होतं. आचार्यांनी ते निरखून पाहिलं आणि मान डोलावली.

नावाडी लेकीला होडीतून मोठ्या शाळेत पोचवायला गेला. होडी वळणाआड गेली तरी आई घाटावरच होती. जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि घर खायला उठलं होतं.

नवरा परतला, तेव्हा तिने भाकरी वाढायच्या आधीच विचारलं, "रडली का हो?"

"रडली. दिवेलागणीपर्यंत रडत होती. मग दिवे लागले, तशी उठली. कुणी सांगितलं नाही काही. पाटी काढली, माती पसरली, लिहायला बसली."

"एकटीच?"

"एकटीच. पण शेजारी जागा सोडून बसली होती."

बाहेर अंधारून येत होतं. आईने ओट्यावर दिवा ठेवला, आपली पाटी घेतली, थोडी एका बाजूला सरकून बसली आणि लेकीचं नाव लिहायला लागली.

तात्पर्य: मुलांचा हात धरून काढलेलं अक्षर आपलंच राहतं. रोज त्यांच्या शेजारी बसून आपणही शिकलो, तर लागलेली सवय त्यांची होते, आणि आपण जवळ नसलो तरी ती त्यांची सोबत करते.