दोन निशाणांची हिरवळ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राजेसुद्धा पायी चालत.

एका राज्यात सगळ्यांना एका खेळाचं वेड होतं. वाकड्या काठीने चेंडू टोलवायचा, टोलवत टोलवत हिरवळीवर न्यायचा आणि तिथल्या वाटीएवढ्या खळग्यात घालायचा. ऐकायला सोपं वाटतं. खेळून बघा, म्हणजे कळेल.

मैदान होतं खाडी आणि डोंगर यांच्यामधलं. लांबीला भरपूर, रुंदीला चिंचोळं. म्हणून जुन्या जाणत्यांनी त्यात सातच हिरवळी केल्या, पण प्रत्येक हिरवळ ऐसपैस आणि प्रत्येकीवर खळगे दोन. जाणाऱ्यांच्या खळग्यात पांढरं निशाण, परतणाऱ्यांच्या खळग्यात तांबडं. खेळाडू शेवटच्या टोकापर्यंत जायचे आणि त्याच हिरवळींवरून परत यायचे.

आता एका हिरवळीवर दोन टोळ्या आल्या तर? त्याचीही रीत होती. परतणाऱ्याचा मान पहिला. जाणाऱ्याने काठी टेकून थांबायचं. परतणाऱ्याने आपला चेंडू घातला, की पुढची खबर सांगायची, "पाचवीला वारं खाडीकडनं आहे, जरा डोंगराकडं धरा." मग जाणारा म्हणायचा, "येतो." आपल्याकडे निघताना 'जातो' म्हणत नाहीत हे खरंच, पण तिथे तो शब्द अक्षरशः खरा होता. जाणारा खरोखरच त्याच हिरवळीवर परत यायचा.

या सातही हिरवळी एक म्हातारी माळीण राखायची. तिच्या सासूने राखल्या, सासूच्या सासूने राखल्या. विहीर एक आणि पाट एक. रोज सकाळी ती दोन्ही खळगे बुजवायची आणि दुसरीकडे नवे करायची, म्हणजे कालचं तुडवलेलं गवत आज विसावा घेई.

एका दसऱ्याला राजा स्वतः खेळायला उतरला. सहाव्या हिरवळीवर सगळं गाव जमलं होतं. राजाने लांबून असा टोला मारला, की चेंडू हवेतून आला, हिरवळीवर उतरला, घरंगळला आणि निशाणाच्या पायाशी जाऊन बसला. असा टोला गावाने कधी पाहिला नव्हता. पण निशाण होतं तांबडं! राजा तर अजून जाणाऱ्यांतला.

माळणीच्या तोंडून निघून गेलं, "वा महाराज! नेम झकास, खळगा तेवढा परक्याचा!"

झालं. सगळं गाव हसलं. राजा हसला नाही, आणि इथेच गोष्ट बिघडली. चूक माणसाची होते. पण ती पचली नाही, की माणूस चुकीला सोडून जागेला दोष देतो.

"एका म्यानात दोन तलवारी आणि एका हिरवळीवर दोन निशाणं?" राजा गरजला. "उद्यापासून प्रत्येक हिरवळीच्या मधोमध निवडुंगाचं कुंपण. जाणारे अलीकडे, येणारे पलीकडे. कुंपण ओलांडील त्याला चाबकाचे दहा फटके!"

माळीण पुढे झाली. "महाराज, हिरवळ भाकरीसारखी मोडता येत नाही. अर्ध्या जागेत खळगा हलवू कुठं? गवताला विसावा कसा मिळंल?"

"ते तू बघ," राजा म्हणाला. "पुढच्या दसऱ्याला चौदा हिरवळी हिरव्यागार दिसल्या पाहिजेत. नाहीतर गाठोडं बांध आणि राज्य सोड."

निवडुंग लावला. तो वाढला आणि पाणीही पिऊ लागला. अर्ध्या हिरवळीवर खळगा आज इथे केला, तर उद्या चार बोटांवर. तीच जागा रोज पायाखाली. जोरात आलेला चेंडू थांबायला जागाच नाही, तो थेट काट्यांत. लोक सवयीने "येतो" म्हणायचे, पण म्हणायचे कोणाला? निवडुंगाला. पुढे वारं कसं आहे, कोणी कोणाला सांगेना.

माळणीने जिवाचं रान केलं. पहाटेपासून पाणी, दुपारभर पाणी. गवत तरीही गेलं. तिला फार वाईट वाटलं. सासूला तोंड कसं दाखवू, असं ती मेलेल्या सासूबद्दल म्हणायची.

पुन्हा दसरा आला. राजा हिरवळी बघायला आणि खेळायला निघाला, पण एकटाच. पुन्हा कोणी हसायला नको होतं ना!

सहाव्या हिरवळीवर पोहोचला तो काय, हिरवळ कसली, नुसतं टक्कल! उन्हाने जमीन भेगाळलेली. "कुठे आहे ती माळीण?" असं ओरडत तो तरातरा पुढे गेला, पाय भेगेत अडकला आणि घोटा मुरगळून राजा आडवा झाला. उठता येईना.

कुंपणापलीकडून एक कासार आणि त्याचा मेहुणा खेळत परत येत होते.

"अरे, कोण आहे तिकडे? इकडे या!" राजा ओरडला.

"कोण बोलतंय?" कासाराने विचारलं.

"मी राजा!"

"महाराज, यायचं तर कुंपण ओलांडावं लागंल. दहा फटक्यांची दवंडी तुम्हीच पिटवलीत."

"फटके माफ केले!"

"तुम्ही माफ केलंत हो, पण हे काटे कुठं माफ करतायत?"

खरंच होतं. निवडुंग आता पुरुषभर उंच झाला होता. चार हातांवर माणसं होती आणि राजा एकटा होता. उन्हात पडल्यापडल्या त्याच्या घशाला कोरड पडली.

तेवढ्यात कुंपणाच्या बुडाशी काहीतरी सळसळलं. जिथून पाट पलीकडे जात होता तेवढीच जागा मोकळी होती, आणि ती माळणीलाच ठाऊक होती. राजाला हिरवळ तोडता आली, पाणी तोडता आलं नव्हतं. त्या चिखलातून माळीण सरपटत आली. काखेत गाठोडं.

तिने राजाला ओंजळीने पाणी पाजलं. घोटा पाहिला. मग मुकाट्याने गाठोडं सोडलं, त्यातलं लुगडं फाडलं आणि पाय घट्ट बांधला.

"गाठोडं कशाला बांधलं होतंस?" राजाने विचारलं.

"तुमचाच हुकूम, महाराज. चौदा हिरवळी काही मला जगवता आल्या नाहीत."

राजाने लुगड्याने बांधलेल्या पायाकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाला, "चौदा नव्हत्याच. सातच होत्या, आणि त्या मी मारल्या. माझं चुकलं, माळीणबाई. गाठोडं आता पुन्हा बांधू नका."

पाटाच्या चिखलातून राजा सरपटत पलीकडे गेला आणि कासाराच्या खांद्यावर हात टाकून घरी आला. दुसऱ्या दिवशी निवडुंग उपटायला सुरुवात झाली. पहिली कुदळ राजाने बसल्या जागेवरून मारली.

पुढच्या दसऱ्याला सातही हिरवळी डोळे निववत होत्या. सहावीवर कासार परतत होता, म्हणून राजा काठी टेकून थांबला. कासाराने वाऱ्याची खबर दिली. मग राजाने जोमात टोला मारला आणि चेंडू पुन्हा नेमका तांबड्या निशाणापाशी!

सगळं गाव श्वास रोखून उभं राहिलं. आधी राजा हसला. मग गाव हसलं. माळीण तर डोळे पुसत हसली.

चेंडू पांढऱ्या निशाणाच्या खळग्यात घालून राजा तिला म्हणाला, "येतो, माळीणबाई." आणि घटकाभराने खरंच आला.

बोध: मिळून वापरली तर हिरवळ दोघांनाही पुरी मिळते, तोडून घेतली तर दोघांनाही अर्धीसुद्धा उरत नाही.